ऐकला मास्तरांनी, पाहिला मी

फेब्रुवारी 2019 च्या पक्षीगणनेनंतर मी आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटासाठी एक टिपण लिहिलं. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावाच्या कुळागरांतून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतून, चष्मेवाला, फुलटोच्या, निखार आणि छोटा खंड्या हे चार पक्षी झपाट्याने कमी होत आहेत, असं त्यात ठामपणे म्हटलं होतं. आधाराला सहा वर्षांच्या वह्या होत्या. रोजच्या नोंदी, तारीख-वेळेसकट. असा भक्कम पुरावा त्याआधी माझ्या हाती कधीच आला नव्हता.

वर्ष सरायच्या आत ते टिपण मला मागे घ्यावं लागलं. पक्षी होते तिथेच होते. वह्या लिहिणाऱ्या माणसाचे कान गेले होते. ते त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या ते उपयोगाचं आहे. दुसरं कारण जास्त जवळचं आहे. एकट्याने करायचा म्हणून धरलेल्या छंदात मित्राची जागा नेमकी कुठे असते, हे मी या दोन माणसांकडे बघून शिकलो. दोघांच्या परवानगीने लिहितो आहे, नावं त्यांनी नको म्हटलं. गावात एकाला सगळे ड्रायव्हर म्हणतात आणि दुसऱ्याला पेटीमास्तर. मी त्यांना काका आणि मास्तर म्हणतो.

माणूस आणि त्याच्या वह्या

काका ड्रायव्हर होते ते बार्जचे, म्हणजे नदीतून माल वाहणाऱ्या मोठ्या सपाट बोटीचे. खनिज वाहणाऱ्या बार्जवर सुकाणू सारंगाच्या हाती असतं आणि इंजिन ड्रायव्हरच्या. काकांनी 28 वर्षं इंजिन सांभाळलं. आमोण्याच्या बाजूला माल भरायचा, मांडवीतून खाली यायचं आणि मुरगावला रिकामा करायचा. पावसाळ्यात आग्वादकडे मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आणि खवळलेला समुद्र, त्यामुळे बाहेर पडणं धोक्याचं. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचं. तिथे भरतीची वाट बघत तासन्‌तास थांबावं लागे. बाकीचे झोपत. काका इंजिन बंद करून वर येत आणि खारफुटीच्या फांद्यांवरचे खंड्ये बघत बसत. नाद तिथे लागला.

2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि बार्ज धक्क्याला लागली ती लागलीच. काका तेव्हा 52 वर्षांचे होते. वडिलोपार्जित कुळागर होतं, सुपारी, नारळ, जायफळ, मिरी. त्यांनी कुणाकडून तरी वापरलेली दुर्बीण घेतली आणि त्याच नोव्हेंबरात पहिली दोनशे पानी वही सुरू केली. घरात, वाड्यावर सगळं बोलणं कोकणीत, वही मात्र मराठीत. आमच्याकडे पुष्कळांचं असंच असतं. वहीत रकाने आखलेले: तारीख, वेळ, पक्षी, संख्या, ठिकाण, आणि शेवटी दोन अरुंद रकाने, ‘ऐकला’ आणि ‘पाहिला’.

अधूनमधून ते रायबंदरहून फेरीने चोडणला जात, सलीम अली अभयारण्यात. जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरची खारफुटी, पण चालायला धीर लागतो. थंडीत करमळीच्या तळ्यावर अडई आणि कमळपक्षी. एरवी स्वतःचं कुळागर आणि त्यातून वाहणारा ओढा. नेहमी एकटे. दोन माणसं आली की बोलणं येतं आणि बोलणं आलं की पक्षी जातो, असं ते म्हणायचे. मला ते फार पटायचं. मी पक्षी ओळखायला शिकलो तो त्यांच्याच मागे दहा पावलं अंतर ठेवून.

मी कुठे चुकलो

2016 पासून वह्यांत ते चार पक्षी विरळ होत गेले. आधी आठवड्यातून पाच-सहा नोंदी, मग दोन, मग महिन्याला एखादी. मी कारणं शोधायला लागलो आणि मला ती मिळालीही. फुलटोच्या बांडगुळाच्या फळांवर जगतो; गावात जुने आंबे तोडले होते, त्याबरोबर बांडगूळ गेलं. खंड्याला स्वच्छ पाणी लागतं. ओढ्यात माती उतरत होती. निखार आणि चष्मेवाला यांना झाडांचे शेंडे एकमेकांना लागून असलेले हवेत. रस्ता रुंद झाला होता. प्रत्येक कारण आपल्या जागी खरं वाटत होतं. चार पक्ष्यांना निरनिराळी कारणं जुळवावी लागली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

टिकून राहिलेल्या पक्ष्यांकडे मी बघितलंच नाही. भारद्वाज, कोकीळ, पावशा, रानकोंबडा, कुटुर्गा, धनेश. सगळे घुमणाऱ्या, भरदार आवाजाचे. भारद्वाजाचं ‘कूप कूप’ 1000 हर्ट्झच्याही खाली असतं. गायब झालेल्या चौघांचे आवाज बारीक, 4000 हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून वर. वहीतून पक्षी गळत होते ते वरच्या पट्टीपासून खाली, या क्रमाने.

कुणी विचारेल, ऐकू नाही आला तर दिसला तरी असता. पण कुळागरात तसं होत नाही. दाट पाल्यात बोटाएवढा पक्षी आधी कानाला सापडतो, मग कान डोळ्याला जागा दाखवतो. कानाने हाकच मारली नाही तर डोळा नुसती पानं बघत राहतो. म्हणून ‘ऐकला’चा रकाना ओस पडला तसा ‘पाहिला’चाही पडला, आणि दोन्ही रकाने एकच सांगतायत म्हणून माझा विश्वास दुप्पट झाला.

जायफळाखाली

नोव्हेंबर 2019. वहीतल्या नोंदी उतरवून घ्यायला मी काकांकडे गेलो होतो. आम्ही दोघं कुळागरात होतो. तेवढ्यात मास्तर आले, हातात लग्नाची पत्रिका. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि आमंत्रण द्यायला ते स्वतः आले होते. काकूंनी त्यांना मागे पाठवलं.

मास्तरांबद्दल थोडं सांगायला हवं. ते भजनात पेटी वाजवतात, आणि आसपासच्या गावांतल्या पेट्या सुरात लावून देतात. मी त्यांना ते काम करताना पाहिलं आहे. पितळेची रीड काढून पात्याने टोकाशी जरासं खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. दोन रीड एकत्र वाजवून ते डोळे मिटतात. सूर जुळले नसतील तर दोन्हींच्या मध्ये एक लाट ऐकू येते, डुलणारी. ती लाट लांबत लांबत शांत झाली की पातं खाली ठेवतात. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी ही लाट ऐकली आहे.

दोघे शाळेत एका बाकावर होते. पण त्या सकाळी मास्तर आले ते थोडे अंतर राखूनच. त्याचं कारण मला नंतर कळलं.

जायफळाच्या झाडाखाली येऊन ते थबकले. मान वर. “कोणाचो रे हो साद? इतलो बारीक?”

“खंयचो साद?” काका.

“हो न्हय, आतां घालता तो.”

वर वीस फुटांवर चष्मेवाल्यांचा थवा होता. मला तो पाच मिनिटांपासून ऐकू येत होता. काकांनाही येत असेल, असं मी धरून चाललो होतो. ते माझे गुरू, त्यांना काय सांगायचं? काकांनी दुर्बीण छातीवर सोडली आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं.

“म्हाका कांयच आयकूंक येना,” ते म्हणाले.

मास्तरांनी पत्रिका माझ्या हातात दिली. काकांच्या मागे उभे राहिले आणि त्यांच्या उजव्या कानाजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर हळूच घासलं. कोरड्या बोटांचा तो खरखर आवाज मला हातभर लांबून येत होता. “आयला?” काकांनी मान हलवली, नाही. डाव्या कानाशी घासलं. नाही. मास्तरांचा हात तसाच हवेत राहिला.

तपासणी

डिसेंबरात कान तपासले. आलेखावर 1000 हर्ट्झपर्यंत रेघ ठीक होती, त्यानंतर खाली घसरली. 4000 हर्ट्झला डाव्या कानाची रेघ 65 डेसिबलवर होती, म्हणजे आवाज तेवढा मोठा केल्यावरच तो कानाला लागत होता. निरोगी कानाची साधारण 25 च्या आत राहते. उजवा थोडा बरा. अशी घसरण हे मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्या कानाचं नेहमीचं लक्षण. रोज आठ तास 85 डेसिबल वर्षानुवर्षं सोसले तर कान बिघडू लागतात, असं धरलं जातं. डिझेल इंजिनाच्या बंद खोलीत आवाज 100 च्या वर सहज जातो. काका कानात कापूस घालायचे, तोही कधीकधी.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते आणि तिच्यात सूक्ष्म केसपेशी. नळीच्या तोंडाजवळच्या पेशी बारीक, उंच आवाज टिपतात, आत टोकाकडच्या खर्ज. मोठ्या आवाजाचा आणि वयाचाही मार आधी तोंडाजवळच्या पेशींना बसतो. गेलेली पेशी माणसात परत उगवत नाही.

आणि इथे मास्तरांची गोष्ट येते. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत. ती गेली की माणसाला बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. ‘सात’ आणि ‘हात’ एकच होतात. चारचौघांत, टाळ वाजत असताना तर काहीच लागत नाही. 2016-17 पासून काका भजनाला यायचे बंद झाले होते. श्रावणातल्या सप्ताहालाही दोन वर्षं नाहीत. मास्तर दोनदा घरी जाऊन बोलावून आले. काकांनी भलतीच उत्तरं दिली, हसून वेळ मारून नेली. वाड्यावर लोक म्हणाले, नोकरी गेल्यापासून ड्रायव्हर माणसांत मिसळत नाही. मास्तरांनी ते खरं मानलं आणि मनाला लावून घेतलं. लग्नाची पत्रिका ते रीत म्हणून घेऊन आले होते.

म्हणजे ज्या वर्षांत वहीतून चष्मेवाला गेला, त्याच वर्षांत आणि त्याच कारणाने हातातून मित्र चालला होता. पक्ष्याची नोंद होती म्हणून ते मला दिसलं. मित्राची नोंद कुणी ठेवत नाही.

बंद वही

तपासणीनंतर काकांनी वही बंद केली. श्रवणयंत्र घेतलं, त्याने घरातलं बोलणं सुधारलं. पण कुळागरात वाऱ्याची घरघर आणि पाल्याची सळसळ मोठी व्हायची, पक्षी त्यात बुडून जायचा. मी जाऊन समजावलं. दिसतात ते पक्षी लिहा म्हटलं, मोठे पक्षी लिहा म्हटलं. काकांनी ऐकून घेतलं, चहा दिला. माझं समजावणं वाईट नव्हतं, पण त्यात दया होती आणि ती त्यांना कळत होती.

मास्तरांनी समजावलं नाही. लग्न आटोपल्यावर जानेवारीपासून ते रोज सकाळी सहाच्या सुमाराला काकांच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, येऊन बसायला लागले. चहा घ्यायचे आणि काय ऐकू येतंय ते सांगायचे. त्यांना एकाही पक्ष्याचं नाव येत नव्हतं. हे सगळं बोलणं कोकणीत झालेलं, मी मराठीत देतो.

“ओढ्यावरून आत्ता एक सूर गेला. सरळ, ताणलेला, वरच्या पट्टीतला. कुठे हलला नाही. जाता जाता एकदाच.”

काका गप्प.

दुसऱ्या दिवशी, “कालचा सूर परत गेला. उलट दिशेने.”

तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, “खंड्या. छोटा. तो उडतानाच ओरडतो आणि सरळ रेषेतच उडतो.”

असं महिनाभर चाललं. पुढे उन्हाळ्याकडे झुकताना मास्तरांनी पावशाची तक्रार केली: ‘पेर्ते व्हा’ म्हणत दर वेळी जरा वर चढवतो आणि ऐन टोकाला मोडतो, असं गाणं कुणी पुरं करत नाही का? मग दुसरा एक, ठाय लयीत चार मात्रा, चौथी खाली सोडलेली. कुटुर्गा म्हणजे आधी लांब घुर्र आणि मग ठेका. फुलटोच्याला ते ‘घड्याळ’ म्हणायचे, टिक्, टिक्, मध्ये थांबायचं भान नसलेला. काकांना हे वर्णन ऐकून नाव सांगितल्याशिवाय राहवत नसे. सात वर्षांचं साठलेलं ज्ञान आणि समोर एक माणूस, ज्याला सगळं ऐकू येतंय आणि काही म्हणजे काही माहीत नाही!

मला वाटतं, सगळं इथे फिरलं. मास्तर मदत करायला आले असते तर काकांनी त्यांनाही चहा देऊन परत पाठवलं असतं. मास्तरांना खरंच जाणून घ्यायचं होतं. काकांवाचून त्यांचं अडत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. भजनं थांबली, मास्तरांकडे पेट्या यायच्या थांबल्या. रस्ता इतका गप्प झाला की ओढ्याच्या पलीकडचंही ऐकू येऊ लागलं. घरं एकाच वाड्यावर, मधे नुसती गडग्याची वाट. त्या दिवसांत वही पुन्हा उघडली. पहिली नोंद मी पाहिली आहे: चष्मेवाला, 8 ते 10, जायफळ. ‘ऐकला’खाली ‘मा.’, ‘पाहिला’खाली ‘मी’. तोपर्यंत ‘पाहिला’च्या रकान्यात नुसती बरोबरची खूण असायची. ‘मी’ हा शब्द वहीत पहिल्यांदा आला, कारण आता दुसरं कुणीतरी होतं.

नोंद कुणाची?

आमच्या गटात यावर वाद झाला. दुसऱ्याने ऐकलेला पक्षी स्वतःच्या वहीत कसा धरायचा? मी सांगितलं की दोघांनी मिळून केलेल्या यादीत एकाने ऐकलेला पक्षीही धरला जातो, फक्त निरीक्षक दोन आहेत हे लिहायला हवं. काका ते लिहितच होते. उलट त्यांच्यामुळे आम्ही आमच्या पत्रकात निरीक्षकाच्या कानांबद्दल एक ओळ वाढवली, आणि पन्नाशीपुढच्या सगळ्यांनी कान तपासून घ्यावेत असं ठरवलं. माझ्यासकट तिघांच्या आलेखात काही ना काही निघालं. 2016 ते 2019 च्या वह्या आम्ही त्या चार पक्ष्यांपुरत्या बाजूला ठेवल्या. बाकीच्यांसाठी त्या अजूनही वापरतो.

पुढे आवाज ओळखणारं ऍप आलं. मीच काकांच्या फोनवर घालून दिलं. ते बारीक आवाजही पकडायचं, पडद्यावर नाव उमटायचं. काकांनी आठ दिवस वापरलं. नाव त्यांना हवंच नव्हतं, नावं त्यांना येत होती. त्यांना हवी होती फांदी. मास्तर बोट वर करायचे, “थंय, पळय, दुसऱ्या पोफळीच्या चुडतापाशी,” आणि काकांची दुर्बीण बोटामागून नेमकी तिथे जायची. फोन माझ्या सांगण्यावरून अजून बरोबर नेतात, खिशात.

2022 च्या श्रावणात काका सप्ताहाला बसले. मास्तरांनी त्यांना पेटीच्या शेजारी, उजवा कान स्वतःकडे येईल असं बसवलं. पेटीचं लाकूड थरथरतं ते गुडघ्याला लागतं, असं काका मला सांगत होते. कुणी काही बोललं की मास्तर तोंड त्यांच्याकडे करून तेच पुन्हा म्हणायचे, मोठ्याने नव्हे, सावकाश.

मास्तरांचा सोपा

2023 मध्ये मास्तरांचा गुडघा बदलला. कुळागरातला उतार, ओढ्यावरचा साकव त्यांना झेपेना. मला वाटलं आता वही पुन्हा बंद होणार. काकांनी वही काखेत मारली आणि मास्तरांच्या सोप्यावर येऊन बसले. चोडण, करमळी, बोंडला सगळं सोडलं. दोन वर्षं एकाच सोप्यावरून, एकाच अंगणातले पक्षी. पहिल्या वर्षी 61 जातींची नोंद झाली. काकांना विचारलं, कुळागरात जावंसं वाटत नाही? म्हणाले, तिथे मला काय ऐकू येतं?

हे मी लिहून घेतलं, पण मला ते पुरतं खरं वाटत नाही. त्यांचे डोळे अजून घारीचे आहेत. कुळागरात एकट्याने गेले तरी त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसेल.

फेब्रुवारी 2025 च्या गणनेला मी त्यांच्याबरोबर होतो. सकाळी सात-सव्वासातची वेळ. अंगणातल्या आंब्यावर बांडगूळ आहे, मास्तरांनी मुद्दाम काढू दिलेलं नाही. काकांनी दुर्बीण तिथे लावली आणि म्हणाले, “फुलटोच्या आहे. तुझं घड्याळ.”

मास्तरांनी मान वाकडी केली. थोडा वेळ तशीच ठेवली. “आज मुको आसा तो,” ते म्हणाले.

काकांनी दुर्बीण काढली नाही. “चोच उघडतोय,” ते म्हणाले.

मला ऐकू येत होतं. टिक्, टिक्, टिक्, न थांबता. मास्तर तेव्हा 65 चे होते. मी एक क्षण गप्प राहिलो, कारण एकदा पाच मिनिटं गप्प राहिल्याचं मला आठवत होतं.

“मास्तर, साद घालता तो,” मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मास्तर काठी टेकून उठले आणि बाकाच्या माझ्या बाजूला येऊन बसले. “खंय? म्हाका बोटान दाखय.”

मी बोट केलं. काकांनी पेन माझ्यापुढे धरलं.